पोपटीसाठी शेकोटीचे आळे आणि दगडी फरशी : रो-हाऊस ग्रुपवरील चर्चा

रो-हाऊस क्र. ९ : सर्वांना नमस्कार. खारघरला राहायला आल्यापासून थंडीत पोपटी (वालाच्या शेंगा वगैरे मडक्यात भरून, ते उलटे ठेवून भोवती जाळ करून भाजणे) लावायची म्हटली की आम्हाला दरवेळी नातेवाइकांच्या शेतावर जावे लागते. यंदा मागच्या मोकळ्या जागेत विटांचे आळे आणि भोवती बसण्यापुरती दगडी फरशी आपण स्वतःच करावी, असा आम्हा उभयतांचा विचार आहे. क्र. १४ च्या काकांनी असे काम स्वतःच्या हाताने केले आहे. त्यांनी साहित्य आणि पद्धत येथेच सांगितल्यास इतरांनाही उपयोग होईल.

रो-हाऊस क्र. १४ : सविस्तर लिहितो, कारण मला हे काम दोनदा करावे लागले आहे. पहिल्या वेळी माझे सगळे लक्ष विस्तवाकडे होते आणि पाण्याचा विचार मी केलाच नव्हता. मातीच्या भरावावर नुसती वाळू पसरून शहाबादी फरशी मांडली. पहिल्याच पावसाळ्यात ती मधोमध खचली आणि आळ्याच्या खड्ड्यात जुलैभर पाणी साचून डासांच्या अळ्या झाल्या. त्यामुळे दुसऱ्यांदा जमिनीत खड्डा न घेता आळे जमिनीच्या वर बांधले.

फरशीपासून सुरुवात करा. दहा फूट बाय दहा फूट जागा पुरते. साडेसहा इंच माती काढावी, तळ पाणी मारून धुम्मसाने (जमीन ठोकण्याच्या जड अवजाराने) ठोकावा, त्यावर चार इंच खडी दोन थरांत, प्रत्येक थर वेगळा ठोकत, बसवावी, मग एक इंच कच (दगडाचा बारीक चुरा) पसरून दीड इंचाची फरशी मांडावी. शंभर चौरस फुटांना चार इंच खडी म्हणजे ३३ घनफूट होते. पण ठोकल्यावर ती दबते, म्हणून मी अर्धा ब्रास (५० घनफूट) मागवली आणि तीच बरोबर पुरली. उतार घराकडून कुंपणाकडे, दहा फुटांत अडीच इंच ठेवावा आणि तो डोळ्यांच्या अंदाजाने न ठरवता पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी पाहून दोरी बांधावी. सांध्यांत सिमेंट न भरता कचच भरावी. पाणी मुरायला वाट राहते, आणि एखादी फरशी बसली तर तेवढीच उचलून खालची कच सारखी करता येते.

आळ्याचा आतला व्यास तीन फूट ठेवा. पोपटीचे उलटे मडके मधोमध ठेवल्यावर चारी बाजूंना साधारण फूटभर जाळ करता आला पाहिजे, या हिशेबाने हे माप ठरवले आहे. आतून फायर ब्रिकच (जाळ सोसणारी वीट) हवी. नऊ इंची विटा आडव्या लावल्या की एका थरात बारा बसतात आणि पाचएक इंच जागा उरते; पहिल्या थरात तीच सव्वा-सव्वा इंचाच्या चार फटींत वाटून टाकली की खालून वारा मिळतो. असे चार थर, म्हणजे ४८ विटा. चार-सहा जास्त आणाव्यात, कारण वरच्या थरांतल्या फटी बुजवायला तुकडे लागतात. सांध्यांना फायर क्ले (जाळ सोसणारी माती) वापरावी, साधा सिमेंटचा माल जाळाने तडकतो. बाहेरून काळ्या दगडाचे घडीव तुकडे कोरडेच रचावेत आणि दगड व विटा यांत इंचभर जागा सोडून ती वाळूने भरावी, म्हणजे तापून फुगणाऱ्या विटेला जागा मिळते. तळाला सिमेंट अजिबात नको. खडीवर वाळूचा थर पुरे.

नदीतले गुळगुळीत गोटे शोभेसाठीसुद्धा आत टाकू नका. माझ्याकडे त्यातला एक बंदुकीसारखा फुटला आणि कपची खुर्चीपर्यंत उडाली. दगडाच्या बारीक चिरांत मुरलेल्या पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान १,६०० पटींहून जास्त वाढते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. जांभाही याच कारणासाठी नको, तो पाणी धरून ठेवतो. शहाबादी फरशी चुनखडीची असल्याने जाळाने तिचे पापुद्रे सुटतात. म्हणून आळ्याभोवती फूटभर पट्टा नुसत्या कचेचा ठेवावा.

रो-हाऊस क्र. ४ : काका, बांधकाम उत्तमच असेल, पण माझ्या सासऱ्यांना दम्याचा त्रास आहे आणि डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळनंतरचा धूर वर जातच नाही, तो आमच्या खिडकीपाशी घोटाळत राहतो. याचाही विचार आधी व्हावा, ही विनंती.

रो-हाऊस क्र. १४ : वहिनी, तुमचे म्हणणे रास्त आहे. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की धूर खालीच कोंडला जातो. धूर सर्वांत जास्त होतो तो ओल्या लाकडाचा आणि पेंढ्याचा. मी निदान वर्षभर वाळलेली बाभूळ किंवा आंबा वापरतो आणि पेंढा मूठभरच, पेटवण्यापुरता घेतो. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या आणि सोसायटीच्या बागेतल्या कण्हेरीच्या छाटलेल्या फांद्या यांना आळ्यात मज्जाव असावा. कण्हेरीचा धूरही विषारी असतो. तुमच्याकडे ज्या दिवशी त्रास असेल, त्या दिवशी एक निरोप द्या, आम्ही पेटवणार नाही.

सचिव : तीन मुद्दे नोंदवतो. पहिला, पालापाचोळा किंवा कचरा या आळ्यांत जाळता येणार नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये दंड आहे. दुसरा, काही घरांमागे जमिनीखालून गॅसची पाइपलाइन गेलेली आहे, म्हणून कुदळ मारण्यापूर्वी गॅस कंपनीकडून जागा दाखवून घ्यावी. तिसरा, काम सुरू करण्याआधी जागेचा साधा नकाशा कमिटीकडे लेखी द्यावा. काकांचे आळे कोपऱ्याच्या प्लॉटवर आहे, तेवढी मोकळी जागा सर्वांकडे नाही, हेही लक्षात घ्यावे.

रो-हाऊस क्र. १४ : सचिवांचा शेवटचा मुद्दा मीच आधी सांगायला हवा होता. भिंत, छप्पर, झाडाची फांदी, वाळत घातलेले कपडे यांपासून दहा फूट अंतर मिळत नसेल, तर आळे बांधू नये. ज्यांच्या मागे जेमतेम आठ फूट जागा आहे, त्यांनी फरशी जरूर करावी आणि पोपटीला आमच्याकडे यावे.

रो-हाऊस क्र. ९ : आमच्याकडे मागच्या भिंतीपासून आळ्याच्या कडेपर्यंत अकरा फूट भरतात आणि वर फांदी नाही. मग कोजागरीला शुभारंभ करता येईल का?

रो-हाऊस क्र. १४ : कोजागरीची घाई नको, दूध गॅसवरच आटवा. पावसाळ्यात मुरलेले पाणी विटांतून इतक्या लवकर निघत नाही. दिवाळीनंतर, कोरडे ऊन पंधरा-वीस दिवस मिळाल्यावर, आधी दोन-तीन संध्याकाळी अगदी लहान जाळ करा आणि मगच मडके लावा. मे अखेरीस आळ्यावर पत्र्याचे उतरते झाकण घालून ठेवा. धुम्मस आमच्या जिन्याखाली आहे, केव्हाही न्या. मात्र दोघे जण या, एकट्याला तो उचलत नाही.