एन स्केलमध्ये जहाजापेक्षा बोट बरी

दादा, चार बाय दोन फुटांच्या एन स्केलच्या, म्हणजे १:१६० मापाच्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर मालवाहू जहाज मावत नाही, असं तुम्ही लिहिलंय. हिशेबच तसा आहे: १०० मीटरचं जहाज १:१६० मध्ये साडेबासष्ट सेंटीमीटर, म्हणजे दोन फुटांच्याही वर! त्यापेक्षा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारखा मच्छीमारी धक्का करा. १६ मीटरची बोट बरोबर १० सेंटीमीटरची होते. पाण्याखालचा भाग करूच नका, सपाट बूड थेट पाण्यावर चिकटवा. मी इथं कोल्हापुरात गणपतीच्या आराशीतून उरलेल्या सनबोर्डाचे थर चिकटवून, पॉलिश पेपरनं घासून बोटी करतो. आणि पाणी निळं रंगवू नका राव! रंकाळ्याच्या काठाला उभं राहून बघा, हिरवट-मातकट दिसतं. धक्क्याच्या भिंतीवर भरतीची काळपट रेघ मात्र नक्की ओढा.