व्हिडिओ पाहताना सगळे समजते, मग वही उघडल्यावर लिहिता का येत नाही?

प्रश्न (विद्यार्थी, बी.एस्सी. द्वितीय वर्ष, यावल तालुका)

नमस्कार. मी भौतिकशास्त्र हा मुख्य विषय घेऊन शिकतो आणि एसटीच्या पासावर रोज जळगावला जाऊन येतो. महाविद्यालय सुटल्यानंतर शेवटच्या गाडीपर्यंतचा वेळ मी एका अभ्यासिकेत घालवतो. तिथे बसणाऱ्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या कानात इयरफोन असतो आणि समोर पुस्तकाला टेकवून ठेवलेला मोबाईल असतो. कोणी स्पर्धा परीक्षेचा इतिहास ऐकत असते, कोणी सीईटीच्या एका प्रकरणाचा ‘वन शॉट’ (अख्खे प्रकरण एकाच बैठकीत उरकणारा व्हिडिओ) दीडपट वेगाने पाहत असते. पुस्तक उघडे असते, पण त्याचे पान क्वचितच उलटले जाते.

माझी अडचण अशी की, व्हिडिओ पाहत असताना मला विषय खरोखर समजतो असे वाटते. शिकवणारे सर अतिशय सुबोध बोलतात, आकृत्या हलत्या असतात, एकेक पायरी पुढच्या पायरीत सहज मिसळते आणि मान आपोआप डोलू लागते. मात्र तीच सिद्धता कोऱ्या पानावर लिहायला घेतली की, दुसऱ्या ओळीनंतर पुढे काय येते हे आठवत नाही. मग पुन्हा व्हिडिओ लावायचा, पुन्हा मान डोलवायची, असे चक्र चालू राहते. माझ्या मित्रांचा अनुभवही वेगळा नाही. फरक इतकाच की, त्यांतील काही जण याचे खापर आपल्या बुद्धीवर फोडतात.

याला जोडून आणखी एक गोष्ट मनात येते. आमच्या पिढीने अभ्यास कसा करतात हे घरात पाहिलेले नाही, कारण आईवडिलांचे आयुष्य केळीच्या बागेत गेले. आम्ही ते चित्रपटांत आणि रीलमध्ये पाहिले. चित्रपटातल्या नायकाचा वर्षभराचा अभ्यास एका गाण्यात उरकतो, आणि रीलमधील टॉपर गुलालात न्हाऊन निघालेला दिसतो. अडलेल्या ओळीपाशी तासभर बसून राहणारा माणूस पडद्यावर कधी दिसत नाही. त्यामुळे आपण अडलो की आपलेच काहीतरी चुकते आहे असे वाटत राहते. समजल्याचा हा भास कशामुळे होतो, आणि व्हिडिओ बंद करणे हाच त्यावरील उपाय आहे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (माध्यमिक शिक्षक, धुळे)

आपला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्यावर चांगले संशोधन झालेले आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर यांनी २००८ मध्ये पूर्ण केलेल्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषयच भौतिकशास्त्राचे व्हिडिओ कसे असावेत हा होता. (हेच मुलर पुढे स्वतः विज्ञानविषयक व्हिडिओ करून जगभर प्रसिद्ध झाले.) अत्यंत स्पष्ट, सरळ स्पष्टीकरण देणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडला आणि समजायला सोपा वाटला, परंतु त्यांच्या चाचणीतील उत्तरांत त्यामुळे फारसा फरक पडला नाही. ज्या व्हिडिओत आधी विद्यार्थ्यांच्या चुकीच्या कल्पना मांडून मग त्यांची चर्चा केलेली होती, तो पाहणाऱ्यांना गोंधळल्यासारखे झाले, पण त्यांची उत्तरे सुधारली.

याचे कारण मला माझ्या वर्गात दरवर्षी दिसते. मी एक साधा प्रश्न फळ्यावर लिहितो: चेंडू सरळ वर फेकला, हातातून सुटल्यावर तो वर जात असताना, हवेचा विरोध सोडून दिला, तर त्याच्यावर कोणकोणती बले कार्य करतात? बहुतेक वह्यांमध्ये दोन बाण निघतात. एक खाली, गुरुत्वीय बलाचा. दुसरा वर, ‘हाताने दिलेल्या बलाचा’, आणि ते बल हळूहळू संपते अशी पुस्तीही जोडलेली असते. वास्तविक चेंडू हातातून सुटला त्या क्षणी हाताचे बल संपले. पुढे त्याच्यापाशी वेग आहे, बल एकच आहे, ते खालच्या दिशेने आहे, आणि म्हणूनच सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य झाला तरी त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकेच राहते. गंमत अशी की, हीच मुले न्यूटनचे तीनही नियम घडाघडा म्हणून दाखवतात, आणि त्यांनी यावरचा व्हिडिओही पाहिलेला असतो. व्हिडिओतील सर बरोबर उत्तर सांगत असताना विद्यार्थी मनात म्हणतो, “हो, मला हेच वाटत होते.” आपल्याला नेमके काय वाटत होते हे त्याने आधी कागदावर उतरवलेले नसल्यामुळे, दोन उत्तरांतील विसंगती त्याच्या ध्यानातच येत नाही.

दुसरा भाग स्मरणाचा. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. एका गटाने उतारा चार वेळच्या सत्रांत नुसता वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचून पुढील तीन वेळा न पाहता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनंतर वाचणारा गट पुढे होता: ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्याला हे चांगले लक्षात राहील असा विश्वास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता, हे विशेष. आपण पुन्हा पुन्हा व्हिडिओ लावता तेव्हा याच पहिल्या गटात जाऊन बसता.

म्हणून व्हिडिओ बंद करण्याची गरज नाही. तो सुरू करण्यापूर्वी प्रश्नाचे आपले उत्तर, चूक असले तरी, लिहून ठेवावे. संपल्यावर मोबाईल उलटा ठेवून आठवेल ते लिहावे आणि अडल्यास तिथे थोडा वेळ अडूनच राहावे. तेच पान दुसऱ्या दिवशी पुन्हा न पाहता लिहावे. दीडपट वेगाला माझा आक्षेप नाही, पण वाचवलेला वेळ वहीला मिळायला हवा.

उत्तर २ (विद्यार्थिनी, नंदुरबार जिल्हा)

सरांचे म्हणणे पटते, तरीही व्हिडिओची दुसरी बाजू नोंदवावीशी वाटते. आमच्याकडे, सातपुड्याच्या भागात, घरी पावरी बोलली जाते. मी आश्रमशाळेत मराठीतून शिकले आणि अकरावीला आल्यावर विज्ञान एकदम इंग्रजीतून समोर आले. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे पद बराच काळ रिक्त होते. आठवडे बाजारासाठी शहाद्याला गेले की, तिथल्या चांगल्या नेटवर्कवर मी आठवड्याचे व्हिडिओ डाउनलोड करून घेत असे, आणि माझ्या बारावीचे भौतिकशास्त्र बरेचसे त्यावरच झाले.

वर्गात एखादे वाक्य समजले नाही तर हात वर करून “सर, पुन्हा सांगा” असे म्हणण्याचे धैर्य आमच्यापैकी अनेकांना होत नाही, कारण प्रश्न विचारण्याआधी तो कोणत्या भाषेत विचारायचा हे ठरवावे लागते. व्हिडिओ मात्र कितीही वेळा मागे नेला तरी तो कंटाळत नाही आणि कोणी हसत नाही. माझ्यासाठी पुन्हा पाहणे हे पुष्कळदा भाषा समजून घेण्यासाठी होते. भौतिकशास्त्र त्यानंतर सुरू होई. नीटची परीक्षा मराठीतून देता येते, पण तिच्या तयारीसाठी मला सापडलेले गाजलेले व्हिडिओ हिंदीत होते, आणि तेही निम्मे इंग्रजी शब्दांनी भरलेले. ज्यांच्या घरात मराठी हीच बोली आहे त्यांना या पायरीचा अंदाज येणे कठीण आहे. तेव्हा ‘पुन्हा पाहू नका’ असा सरसकट सल्ला देताना हा विचार व्हावा, एवढीच विनंती. लिहून पाहण्याची पद्धत चांगलीच आहे. मी पहिल्यांदा पावरीत लिहिते, देवनागरी अक्षरांत, आणि मग मराठीत.

उत्तर ३ (सेवानिवृत्त मुख्याध्यापक, अमळनेर)

ताईंचा मुद्दा वाचून आमच्या गावची एक गोष्ट आठवली. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढत असत. ते वाचणारी मुले त्यांच्या डोळ्यांसमोर राहत होती. कोण कशात मागे आहे आणि कोणाला घरची आठवण येते हे त्यांना ठाऊक होते. लाखो लोकांसाठी केलेल्या व्हिडिओला हे साधणार नाही, आणि ती अपेक्षा ठेवणेही रास्त नव्हे. व्हिडिओ करणाऱ्याला यावलची अभ्यासिका ठाऊक नाही, सातपुड्यातली पावरीही ठाऊक नाही.

पडद्यावरचे शिक्षण आम्हाला नवीन नव्हते. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ पासून शालेय कार्यक्रम तयार करत होती आणि ते दूरदर्शनवर दाखवले जात. शाळेतला एकुलता एक संच कुलूपबंद कपाटात असे, मुले सतरंजीवर बसत, आणि वीज टिकली तर कार्यक्रम पूर्ण होई. तो संपला की संच बंद करून गुरुजी उभे राहत आणि कोणाला तरी उठवून विचारत, “आता तू सांग.” कार्यक्रम सामान्य असला तरी त्या भीतीने मुले लक्ष देऊन पाहत. आता कार्यक्रम कितीतरी उत्तम झाले आहेत, पण पडदा बंद झाल्यावर विचारणारे कोणी उरलेले नाही, कारण मुलगा एकटा आहे आणि पुढचा व्हिडिओ आपणहून सुरू होतो. निदान ती आपोआप सुरू होण्याची सोय तरी सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताई, भाषेचा विचार माझ्या मनात आला नव्हता. आम्ही घरी अहिराणी–लेवा अशी मिसळून बोलतो, त्यामुळे प्रमाण मराठी आम्हाला तुलनेने जवळची आहे. मुख्याध्यापक सरांनी सांगितलेले ‘आता तू सांग’ आम्ही तिघा मित्रांनी अभ्यासिकेबाहेरच्या बाकावर करून पाहायचे ठरवले आहे. आत बोलायला परवानगी नाही. धुळ्याच्या सरांना एक विचारायचे आहे. आमच्याकडे सध्या विद्युतचुंबकत्वात गाउसचा नियम चालू आहे. चेंडूच्या प्रश्नासारखा, व्हिडिओ लावण्यापूर्वी लिहून ठेवता येईल असा एखादा प्रश्न सुचवाल का?

माध्यमिक शिक्षक, धुळे

ताईंची दुरुस्ती मान्य आहे. भाषेसाठी हवे तितके पाहावे, पण वहीतले पान सोडू नये.

गाउसच्या नियमासाठी हा प्रश्न घ्या. एक पोकळ, बंद पृष्ठभाग कल्पा, ज्याच्या आत कोणताही विद्युतप्रभार नाही, आणि त्याच्या बाहेर, जवळच, एक धन बिंदुप्रभार ठेवा. पृष्ठभागातून जाणारा एकूण विद्युत अभिवाह (फ्लक्स, म्हणजे पृष्ठभागातून जाणाऱ्या क्षेत्ररेषांचे माप) किती? आणि त्या पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूवर विद्युतक्षेत्र शून्य असेल का? दोन्ही उत्तरे कारणासह, तिघांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता लिहा. कागद बाकावर एकत्र उघडा, जिथे उत्तरे जुळत नाहीत तिथे भांडा, आणि व्हिडिओ त्यानंतर लावा. तिघांची उत्तरे येथे टाकलीत तर मी पाहून सांगेन.