मदत हवी आहे: कोकमाच्या अर्काचा लाल रंग डीपीपीएच चाचणीत आडवा येतोय

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी कोकमाच्या सुक्या सालीचा (मीठ न लावलेल्या) ८० टक्के मिथेनॉलमध्ये अर्क काढलाय. एकूण फिनॉल फोलिन-सिओकाल्टू पद्धतीने, ७६५ नॅनोमीटरला मोजले. गॅलिक आम्लाची प्रमाणरेषा सरळ येते, तिथे अडचण नाही.

घोळ डीपीपीएचमध्ये आहे; हा अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायचा जांभळा पदार्थ, अर्क घातला की फिका पडतो. ०.१ मिलिमोलर द्रावण, ३० मिनिटं अंधारात, मग ५१७ नॅनोमीटरला शोषणाचं वाचन. कोकमातले अँथोसायनिन (लाल रंगद्रव्यं) नेमके त्याच सुमारास प्रकाश शोषतात. त्यामुळे अर्काचं प्रमाण वाढवलं की शोषण कमी व्हायच्या ऐवजी एका टप्प्यानंतर पुन्हा वर चढतं आणि आयसी-५० (डीपीपीएच ५० टक्के कमी करायला लागणारं अर्काचं प्रमाण) दर वेळी वेगळा येतो.

करून पाहिलेलं: प्रत्येक प्रमाणाला डीपीपीएचऐवजी नुसतं मिथेनॉल घालून वेगळा ब्लँक (अर्काच्या स्वतःच्या रंगाचं वाचन) वजा केला. थोडा फरक पडला, पण तीन वाचनांत अजून मेळ नाही. अर्क आणखी पातळ केला, तर ५० टक्क्यांपर्यंत पोचतच नाही. द्रावण रोज ताजं करतो, क्युव्हेट काचेचेच आहेत.

दुसरी शंका आम्लाची. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल भरपूर. पीएच उतरल्याने डीपीपीएचची क्रिया मंदावत असेल का? अर्क उदासीन करायला हात धजत नाही, कारण पीएच वाढला की अँथोसायनिनच बिघडतात.

आमच्याकडे फक्त यूव्ही-व्हिजिबल (प्रकाशाचं शोषण मोजणारं यंत्र) आहे, घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी नाही. पैसे एकाच खरेदीपुरते उरलेत. मग ७३४ नॅनोमीटरला वाचता येणारं एबीटीएस (अँटिऑक्सिडंट चाचणीचं दुसरं रसायन) मागवू, की आम्ल आणि साखर धुऊन काढायला सी-१८ कार्ट्रिज (रंगद्रव्यं धरून ठेवणारी गाळणनळी)?