आगोट (पावसाळ्याआधीची बेगमी): गावच्या घरातला पहिला पावसाळा, काय काय करून ठेवू?

परसदारची_नवी (१४ एप्रिल)

नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही दोघं ठाण्याहून गुहागर तालुक्यातल्या सासरच्या जुन्या घरी राहायला आलो. नोकऱ्या घरूनच चालतात. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढेमागे पडवी, विहीर, आठ कोंबड्या. आणि एक गाभण गाय. ती आम्ही घेतलेली नाही. शेजारचे आजोबा मुलाकडे मुंबईला गेले, जाताना "सांभाळा" म्हणून आमच्या गोठ्यात बांधून गेले.

वाडीत पाच घरं उघडी असतात, मे संपला की त्यातली तीन बंद होतात. डांबरी रस्त्याच्या अलीकडे पऱ्या (ओढा) आहे, त्याला पाणी चढलं की दोन-दोन दिवस पलीकडे जाता येत नाही म्हणे. सासूबाई असत्या तर हे सगळं त्यांनाच विचारलं असतं.

माझी यादी: तांदूळ ५० किलो, डाळी १० किलो, तेल, मीठ, कांदे-बटाटे, गॅसचे दोन सिलिंडर, इन्व्हर्टर, मेणबत्त्या, औषधं, ताडपत्री. काय राहिलंय? आणि सुरुवात कधी करू? नवरा म्हणतो, अजून दीड महिना आहे.

खळ्यातली_काकू (१४ एप्रिल)

दापोली तालुक्यातून लिहितेय. चौतीस पावसाळे याच घरात काढलेत. माझ्या लेकीएवढी असशील म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.

तुझी यादी वाचली. सगळं दुकानातलं आहे, ते मेच्या शेवटच्या आठवड्यात आणलंस तरी चालेल. उन्हाची कामं आधी काढ. आणि नवऱ्याला सांग, दीड महिना विसर. आम्ही पूर्वी मिरग धरून चालायचो, म्हणजे ७-८ जून. पण मे २०२५ मध्ये २० तारखेच्या आसपास पाऊस लागला तो हटेचना. २४ ला मान्सून केरळात आला आणि २६ ला मुंबईतसुद्धा पोचला. माझे रातांबे (कोकमाची फळं) तेव्हा फोडून झालेले. त्यांची सोलं रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, असं पाच-सहा उन्हं झाल्याशिवाय आमसुलाला काळा रंग येत नाही. तिसऱ्या उन्हाला आभाळ आलं. सगळं पडवीत ओढलं, पंख्याखाली पसरलं, एक रात्र चुलीशेजारी सुपात ठेवलं. चौथ्या दिवशी उचलून बघते तर पांढरा बुरा. बारा किलो रातांब्यांची आमसुलं गाईनेही तोंडात घेतली नाहीत. तेव्हापासून माझी तारीख १५ मे. सांडगी मिरच्या, कुळीथ, वाल, मसाल्याच्या मिरच्या, पापड, फणसाचं साठं, जे काही उन्हात पडायचं ते १५ मेच्या आत डब्यात. रातांबे उशिरा पिकले तर आमसुलांचा हट्ट सोडायचा आणि मीठ घालून रसाचं आगळ करायचं. त्याला ऊन लागत नाही.

कडधान्याला राख चोळून ठेव, चुलीची चाळलेली. तांदळात बिब्बे टाकतात, पण तू शहरातली. बिब्ब्याचं तेल हाताला लागलं तर फोड येतील. त्यापेक्षा कडुनिंबाचा वाळलेला पाला बरा.

आता छप्पर. भर दुपारी माळ्यावर जा, दरवाजा-खिडकी बंद कर आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प उभी राहा. जिथून उजेडाचा ठिपका येतो तिथून पाणी येणार. खडू बरोबर ने आणि जवळच्या वाशावर फुली मार, नाहीतर खाली उतरेपर्यंत विसरशील. माकडं असतील तर फुल्या जास्त निघतील. बदलायची कौलं आणताना जुनं कौल उलटं करून मागचा छाप बघ. दुसऱ्या छापाचं कौल खाचेत नीट बसत नाही आणि पहिल्याच वावटळीत सरकतं. पन्नासेक कौलं जास्तीची घेऊन गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकवून ठेव. पन्हळीतली पानं काढ. पश्चिमेकडची पडवी नारळाच्या झापांनी नाहीतर शेडनेटने बंद कर. आपल्याकडे पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो.

लाकूडफाटा दोन जागी रच. हे मी ३ जून २०२० ला शिकले. निसर्ग वादळात माळ्यावरची दीडशे कौलं उडाली आणि वर्षाची सगळी लाकडं माळ्यावरच होती, सगळी भिजली. वीज आमच्या वाडीत २६ दिवसांनी आली. सिलिंडर दहा दिवसांत संपला, रस्त्यावर झाडं पडलेली, दुसरा कोण आणणार? शेवटी गोठ्यात पोतंभर नारळाची सोडणं आणि करवंट्या होत्या, त्यांवर पेज शिजवली. म्हणून अर्धी लाकडं माळ्यावर, अर्धी मागच्या खोपीत, विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच. शेणी (गोवऱ्या) वेगळ्या.

इन्व्हर्टर वाईट नाही. पण तो भरायला वीजच लागते.

मासे आमच्या घरात होत नाहीत, ते दुसरं कोणी सांगेल.

सुका_बोंबील (१५ एप्रिल)

मी सांगतो. यांत्रिकी मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद, त्यामुळे ताजं म्हावरं विसरा. एप्रिलअखेरीस बोंबील, जवळा आणि थोडे सोडे (सुकी कोळंबी) घ्या, मेमध्ये भाव चढतो. आणलेलं तसंच डब्यात भरू नका, विकणाऱ्याने कितीही कडक म्हणून सांगितलं तरी. घरी दोन उन्हं द्या, बोंबील मोडल्यावर कट् वाजला पाहिजे. मग पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्र घालून भरा आणि डबा चुलीच्या वरच्या फळीवर ठेवा.

काकू म्हणतात त्यात एक भर: भाजी साठवायच्या भानगडीत फार पडू नका. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत टाकळा उगवतो, मागोमाग कुरडू, भारंगी. शेजारच्या बाईंबरोबर एकदा रानात जा आणि ओळखून घ्या. कांदे मात्र पसरून ठेवा, गोणीत सडतात. आमच्या घरात ऑगस्टमध्ये दर वर्षी त्याचा वास सुटतो आणि दर वर्षी एकमेकांवर ढकलतो.

परसदारची_नवी (१७ एप्रिल)

काकू, काल माळ्यावर गेले. चौदा फुल्या! खडू संपला. एक शंका: लाकडांच्या ढिगात साप येतात ना? आणि गाईचं काय करू, मला तिची भीती वाटते. परसात लावायला भोपळ्याचं बी हवंय, ते आत्ताच घेऊन ठेवू?

खळ्यातली_काकू (१७ एप्रिल)

येतात. त्यातलं विषारी फुरसं इतकं छोटं की काटकी वाटते. लाकूड हाताने ओढायचं नाही, आधी काठीने हलवायचं, आणि संध्याकाळचं लाकूड दुपारीच आत आणायचं. साप चावल्यावर द्यायचं इंजेक्शन कुठल्या सरकारी दवाखान्यात ठेवलेलं असतं ते आत्ता, ऊन असताना विचारून ये. पऱ्याला पाणी आल्यावर तिथे कसं पोचणार तेही ठरव.

गाईला घटसर्प-फऱ्याची लस पावसाआधी द्यायची असते. डॉक्टरांना ती गाभण आहे हे आधी सांग. पेंढा जमिनीवर टाकू नकोस, गोठ्यात माच असेल त्यावर चढव. नसेल तर बांबूचा करून घे. गोठ्याच्या जमिनीला उतार आहे का ते बादलीभर पाणी ओतून बघ. पाणी साचलं तर खुर सडतात. भीतीचं म्हणशील तर रोज सकाळी तूच पेंढा घाल, नवऱ्याला घालू देऊ नकोस. पंधरा दिवसांत तुझ्या पावलांवरून ओळखेल.

बी विकत कशाला? वाडीत ज्या घरी गेल्या वर्षी भोपळा झाला त्यांच्याकडे जा. आमच्याकडे बिया शेणाच्या गोळ्यात दाबून गोठ्याच्या भिंतीला थापतात. भिंतीवर हाताच्या पंजाएवढी शेणी दिसली आणि तिच्यात बियांची टोकं दिसली तर तेच. एक मागून घे, कोणी नाही म्हणणार नाही. पाऊस लागला की ती फोडून परसात लाव.

परसदारची_नवी (१९ एप्रिल)

शेणी मिळाली, अकरा बिया मोजल्या! गाईने आज माझा ओढणीचा पदर चघळला, ही ओळख धरायची का? शाकारणारे दादा म्हणतात, कामं फार आहेत, १२ मेनंतर येतो.

खळ्यातली_काकू (१९ एप्रिल)

१२ मे म्हणजे तो २२ ला येणार. आजच त्याच्या घरी जा, कौलांचे पैसे आगाऊ दे आणि शिडी तुझ्या अंगणात आणून टाकायला सांग. शिडी इथे असली की माणूस येतो.