पीएचडीच्या जागा आहेत, पण फेलोशिपचे काय?

कृष्णाकाठ : "विज्ञान-अभियांत्रिकीत पीएचडीच्या संधींना तोटा नाही, मुलांनाच कष्ट नकोत," हे कालचे विधान वाचून गप्प बसवले नाही. जानेवारी 2023 पासून जेआरएफ (पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांची फेलोशिप) 31,000 रुपयांवरून 37,000 आणि एसआरएफ (त्यानंतरच्या वर्षांची) 42,000 झाली, हे खरे आहे; पण ती दरमहा हातात पडते का, हे कुठल्याही वसतिगृहात जाऊन विचारावे. गाइडची सही, संस्थेची पोर्टलवरची खात्री, यांतला एक टप्पा अडला की मेसचे बिल थकते. प्रयोगशाळेत रसायने वेगळी करण्याच्या कॉलमसाठीची सिलिका पूड संपली तेव्हा मी ती स्वतःच्या खिशातून आणली आणि त्याच महिन्यात शेतकरी वडिलांकडे खर्चाला पैसे मागितले.

प्रमेय : ते विधान माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. नेट, गेट, जेस्ट या पात्रता-प्रवेश परीक्षा, टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची स्वतंत्र परीक्षा, आयुका-एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांची इनॅट, इतके मार्ग खुले आहेत. एकट्या पुण्यात एनसीएल ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, आयुका आणि एनसीआरए आहेत. पैसे उशिरा येणे हा लेखा विभागाचा दोष आहे, त्याला संधीचा अभाव कसे म्हणता येईल?

यंत्रवेध : ज्याच्या घरी सहा महिने थांबण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी उशिरा येणारा पैसा आणि न येणारा पैसा यांत फरक नसतो. शिवाय पंतप्रधान संशोधन फेलोशिपचे काय? पहिल्या दोन वर्षांत दरमहा 70,000, शेवटी 80,000, वर वर्षाला दोन लाखांचे संशोधन अनुदान. आणि शेजारच्या टेबलावर तेच यंत्र चालवणारा दुसरा विद्यार्थी जवळजवळ निम्म्या रकमेत राबतो.

प्रमेय : ती गुणवत्तेवर मिळते. स्पर्धा नको असेल तर संशोधनात येऊ नये.

यंत्रवेध : हे बोलणे अन्यायाचे आहे. गुणवत्ता मोजणारी मुलाखत ज्याच्या संस्थेत होतच नाही, त्याने स्पर्धा करायची तरी कुठे?

राइनतीर : मी जर्मनीत पीएचडी करते. इथे आम्ही बहुतेक जण करारावरचे कर्मचारी असतो, ई-13 या वेतनश्रेणीत, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाच्या वर्गणीसह. मात्र हा स्वर्ग आहे असे कुणी समजू नये: नैसर्गिक विज्ञानांत अनेकांना अर्धे किंवा दोन-तृतीयांश वेतनच मिळते आणि काम पूर्ण वेळेचे असते, अभियांत्रिकीत पूर्ण पद मिळण्याची शक्यता अधिक. तरीही पगार ठरल्या तारखेला जमा होतो, आणि माझ्या मते सारा फरक तिथेच पडतो.

कृष्णाकाठ : नेमके हेच! आणि पुण्या-मुंबईच्या चार संस्थांची नावे घेणाऱ्यांनी राज्य विद्यापीठांकडेही पाहावे. तिथे प्राध्यापक निवृत्त होतात, पद वर्षानुवर्षे भरले जात नाही, आणि गाइड नाही म्हणून पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) उत्तीर्ण विद्यार्थी ताटकळत राहतात. माझ्या मैत्रिणीचे असेच झाले. आज ती शिकवणी वर्ग घेते. तिला कष्ट नको होते, असे म्हणण्याचे धाडस कुणी करू नये.

प्रमेय : त्यांच्याबद्दल मी तसे म्हणणार नाही. रिक्त पदांचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, तेवढा मान्य. परंतु कष्टांविषयीचे माझे मत बदललेले नाही. जेआरएफवरून एसआरएफवर जाताना होणाऱ्या मूल्यमापनात दोन वर्षांचे काम मांडता न आलेले विद्यार्थी मी समितीवर बसून पाहिले आहेत.

यंत्रवेध : त्या दोन वर्षांत त्यांचे उपकरण किती काळ बंद होते, हे समितीने विचारले होते का?