मदत हवी आहे: गव्हाशिवायचा पाव आतून गिच्च राहतो

नातीला (वय ९) सिलिअ‍ॅक निघाला आहे, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन तिच्या आतड्याला सोसत नाही. रक्ताच्या तपासण्या, दुर्बिणीची तपासणी सगळं होऊन निदान पक्कं झालंय. तेव्हा 'थोडं थोडं देत राहा, सवय होईल' असे सल्ले कृपया नकोत. गहू, जव, राय कायमचे बंद.

रोजच्या जेवणाचं अडत नाही. घरात ज्वारी-बाजरीची भाकरी असतेच, घावन, आंबोळ्या, धिरडी होतात, ती आवडीनं खाते. गाडी अडते ती पावापाशी. पावभाजीबरोबर भाकरी वाढली तर म्हणाली, "आजी, ही नुसती भाजी-भाकरी झाली." खरंच आहे तिचं.

सध्या करते ते असं: ज्वारीचं पीठ एक वाटी, तांदळाची पिठी एक वाटी (तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून घरघंटीवर दळलेले), साबुदाणा मिक्सरला फिरवून केलेलं पीठ अर्धी वाटी, कोरड्या पिठातच एक चमचा इसबगोल, मीठ, साखर, तेल, इन्स्टंट यीस्ट. कणकेसारखं मळते, फुगलं की पुन्हा मळून गोळे करते, ताटलीत सुटे ठेवून ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं.

पहिल्यांदा पीठ छान फुगतं. गोळे केल्यावर मात्र वर येण्याऐवजी आडवे पसरतात. वरून दगड, आतून चिकट लगदा, आणि तोंडात तांदळाची कचकच. अंडं आमच्या घरात चालत नाही. कोणी नेमकं कुठे बदल करायचा ते सांगेल का?

— साताऱ्याची आजी

झणझणीत: तयार प्रीमिक्स मिळतं की ऑनलाइन. कशाला एवढा खटाटोप?

साताऱ्याची आजी: आणून झालं. महाग पडतं, आणि त्यातही पाव दडसच झाला. घरच्या पिठांचं सांगा कोणी.

ओली_वाळू: काकू, माझ्या नवऱ्याला सिलिअ‍ॅक आहे, त्यामुळे हे सगळे लगदे आमच्याकडेही होऊन गेलेत. थोडं सविस्तर लिहिते.

आधी साबुदाणा. साबुदाणा तयार करतानाच त्यातला स्टार्च उष्णतेनं अर्धवट शिजलेला असतो. तो दळून घातला की पाणी पिऊन बसतो आणि पाव आतून खळीसारखा राहतो. त्याऐवजी टॅपिओका स्टार्च म्हणून कच्ची पांढरी पावडर मिळते ती घ्या. नाही मिळाली तर कॉर्नफ्लोअर चालेल, पण ते पांढरंशुभ्र, बोटांत करकरणारं. मक्याचं पिवळं पीठ नव्हे.

दुसरं इसबगोल. एक चमचा फारच कमी होतो आणि तो कोरडा घालायचा नाही. गव्हाच्या कणकेत ग्लूटेनची जाळी यीस्टचा वायू धरून ठेवते. आपल्याकडे ते काम इसबगोलाच्या जेलीनं करायचं आहे, म्हणून जेली आधी तयार हवी.

वजनकाटा घ्याच, वाटीनं हे जमत नाही. माझं आठ पावांचं प्रमाण: ज्वारी १०० ग्रॅम, तांदळाची पिठी १०० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च १०० ग्रॅम, अख्खं इसबगोल २० ग्रॅम, पाणी ३३० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, साखर १५, मीठ ६, तेल २०, व्हिनेगर दोन छोटे चमचे. इसबगोलाची पावडर असेल तर १६-१७ ग्रॅम पुरे, ती जास्त पाणी ओढते. कोमट पाण्यात इसबगोल घालून लगेच ढवळा आणि दहा मिनिटं विसरा. घट्ट जेली झाली की बाकीचं सगळं त्यात घालून हातानं कुस्करत एकजीव करा. पीठ कणकेपेक्षा बरंच सैल, चिकट वाटेल. घाबरून वरून पीठ लावू नका, हाताला तेल लावा.

मळून-मळून काही साधत नाही, मजबूत व्हायला त्यात ग्लूटेनच नाही. आणि फुगवायचं एकदाच. पहिल्या फुगण्यात भरलेला वायू तुम्ही पुन्हा मळताना घालवता, तो परत येत नाही. गोळे करून थेट टिनमध्ये. सुटे ठेवलेत तर पसरणारच, त्यांना भिंत लागते. बेकरीतल्या लादीसारखे एकमेकांना चिकटवून उंच कडांच्या टिनमध्ये लावा, नाहीतर तेल लावलेल्या स्टीलच्या वाट्यांत एकेक. दीडपट झाले की भट्टीत. दुपटीची वाट पाहिलीत तर आत गेल्यावर बसतात.

१८० अंश कमी आहे. ओटीजी पंधरा मिनिटं आधी तापवून २०० वर, वरच्या-खालच्या दोन्ही दांड्या चालू, ३०-३५ मिनिटं. यात पाणी भरपूर असतं, ते बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. थर्मामीटर असेल तर मधोमध ९६-९८ अंश दिसले की काढा. मग जाळीवर, पूर्ण निवेपर्यंत सुरी लावायची नाही. गरम असताना स्टार्च बसलेला नसतो, शिजलेला पावही कच्चा वाटतो. नातीला तेवढा वेळ थोपवणं हे सगळ्यात अवघड काम!

कचकच जाईल: पिठी वस्त्रगाळ करा आणि भिजवलेलं पीठ गोळे करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा.

साताऱ्याची आजी: हे इतकं नीट कोणी सांगितलंच नव्हतं, आभारी आहे. एक शंका: भाकरीचं पीठ थापताना तुटायला लागलं की मी उकळतं पाणी घालून मळते, मोदकाला तर उकडच काढते. पावात उकड घातली तर?

ओली_वाळू: जरूर घाला. १०० ग्रॅम पिठीतली वीस-पंचवीस ग्रॅम वेगळी काढून पाचपट पाण्यात मंद आचेवर खळीसारखी शिजवा, कोमट झाली की जेलीत मिसळा. ते पाणी ३३० मधलंच धरायचं. पाव मऊ होतो, दुसऱ्या दिवशी कमी भुगा होतो. पण इसबगोल कमी करू नका, उकड वायू धरत नाही.

उंबरठा: पावाबद्दल मला काही कळत नाही, पण घरात सिलिअ‍ॅक आहे म्हणून लिहितो. घरघंटीवर तुम्ही गहूही दळता का? दळत असाल तर ज्वारी-तांदळाच्या पिठात गहू येतोच, नंतर कितीही झटकली तरी. बाहेरच्या गिरणीचंही तेच. चाळणी, पोळपाट-लाटणं, टोस्टरसुद्धा वेगळं हवं. बांधणीच्या (पीठ-डिंक मिसळून केलेल्या) हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरी असतो. ओट्स घ्यायचे तर ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच, तेही डॉक्टरांना विचारून. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमात ग्लूटेन-फ्री म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन. ही मर्यादा इतकी कमी आहे की चिमूटभर पिठानंही ओलांडली जाते.

साताऱ्याची आजी: घंटीवर गहू दळला जातो. आता तिच्यासाठी ज्वारी-तांदळाचं काय करायचं ते ठरवते. मेतकुटाचं तर डोक्यातच आलं नव्हतं, ती दहीभातावर घेते रोज.

आज टॅपिओका स्टार्च आणून वाट्यांत केले. वर आले! आत जाळी पडली, चिकटपणा गेला. रंग मात्र पांढुरका, आणि संध्याकाळपर्यंत कडक झाले. डब्यात कसे द्यायचे?

ओली_वाळू: रंगासाठी भट्टीत जाण्याआधी वरून दूध फिरवा, शेवटची पाच मिनिटं टिन वरच्या खणात. कडक होणारच, हा पाव एका दिवसाचा. निवल्यावर त्याच दिवशी कापून, सुटे करून फ्रीझरमध्ये टाका. फ्रीजमध्ये नको, तिथे आणखी लवकर कडक होतो. सकाळी गोठलेलाच काढून इडलीपात्रात चार-पाच मिनिटं वाफवा, मग तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी भाजा. डब्यात दुपारपर्यंत मऊ राहतो. तवाही तिचा वेगळाच ठेवा.