उशिरा येणारे न्यूट्रॉन

'अणुभट्टीत एका अणूचं केंद्रक फुटून निघालेले न्यूट्रॉन पुढची केंद्रकं फोडत जातात; ही साखळी प्रक्रिया डोळ्याचं पातं लवायच्या आत वाढते, मग न्यूट्रॉन शोषणाऱ्या कांड्या खालीवर करून ती आवरते कशी?' ही शंका रास्त आहे. गोम उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनांत आहे. युरेनियम-२३५चं केंद्रक फुटलं की सरासरी अडीचेक न्यूट्रॉन निघतात, बहुतेक तत्क्षणी. पण साधारण ०.६५ टक्के न्यूट्रॉन फुटलेल्या तुकड्यांच्या ऱ्हासातून मागाहून येतात, काही तर मिनिटभराने. अणुभट्टी मुद्दाम अशी चालवतात की या लेटलतीफांशिवाय साखळी टिकूच नये. त्यामुळे वेग आवाक्यात राहतो. १९४२ साली शिकागोत भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींच्या पहिल्या अणुभट्टीत कॅडमियमची शेवटची कांडी तर चक्क हाताने, थोडी थोडी करत बाहेर ओढली होती! बॉम्बमध्ये मात्र उशिरा येणाऱ्यांसाठी कोणी थांबत नाही.